परड्यातला काजू

(द्वितीय वर्ष कला)

काजू म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दिवाळीतला मिठाईचा खोका येतो, नाही तर लग्नाच्या पंगतीतला मसालेभात येतो. भातातला काजू वेचून आधी खाणारी माणसे मी पाहिली आहेत आणि शेवटच्या घासासाठी तो पानाच्या कडेला जपून ठेवणारीही पाहिली आहेत. आमच्याकडे काजू असा पानातून येत नाही. तो परड्यातून येतो. आधी झाडावर, मग टोपलीत, मग अंगणातल्या उन्हात आणि मग व्यापाऱ्याच्या तराजूत. आमच्या पानात त्याचा मुक्काम फारसा होत नाही. वर्षातून एकदा ओल्या काजूची उसळ होते तेवढीच. ज्या घरी काजूची झाडे असतात त्या घरी काजू कमीच खाल्ला जातो, हे ऐकून शहरातल्या वाचकाला नवल वाटेल. पण गवळ्याच्या पोरांनी दूध किती प्यायले, हे तरी कोणी कधी विचारले आहे का?

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या घरामागे चिऱ्याच्या गडग्याने घेरलेले एक परडे आहे. वर लाल माती आणि पारई मारली की हातभर खाली कातळ. न्हाणीच्या पाण्यावर जगणारी केळ, दोन माड, एक रातांबा आणि काजू, एवढीच त्या परड्याची संपत्ती. गेल्या मे महिन्यापर्यंत तेथे काजूची पाच झाडे होती. आता चार आहेत. या लेखात मला सांगायचे आहे ते त्या पाचव्या झाडाविषयी आणि त्याच्या जागी आलेल्या दोन कलमांविषयी.

काजूचे झाड दिसायला काही फार देखणे नाही. माडाचा डौल त्याला नाही, हापूसचा मान तर नाहीच नाही. खोड वेडेवाकडे, फांद्या जमिनीला टेकतील की काय अशा पसरलेल्या. पण जेथे भात होत नाही, नाचणीही धड होत नाही, अशा वरकस जमिनीत ते पाय रोवून उभे राहते. त्याची आणखी एक गंमत आहे. आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू खरे पाहता फळ नव्हेच, तो फुगलेला देठ. खरे फळ म्हणजे त्याच्या टोकाला बाहेर लोंबणारी बी. आणि ही बी आधी वाढते, बोंडू मागाहून फुगतो. इतर झाडे आपली बी गराच्या आत लपवून ठेवतात, काजू ती बाहेर उघड्यावर टांगून ठेवतो. तिच्या रक्षणासाठी त्याने एक युक्ती केली आहे. टरफलात असे तेल भरून ठेवले आहे की कच्ची बी फोडणाऱ्याची कातडी भाजल्यासारखी सोलून निघावी. आंबा, काजू आणि बिबा ही तिन्ही एकाच कुळातली झाडे आहेत, हे मी पुढे पुस्तकात वाचले. मला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. बिबा उतलेले माणूस आणि काजूचे तेल लागलेला हात आमच्या गावात सर्वांनीच पाहिलेला असतो.

ही पाच झाडे माझ्या आजीने लावली. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते. तो संप रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही. कोकणातल्या घराघरांत येणाऱ्या मनीऑर्डरी मात्र एकामागून एक थांबल्या. वर्षभर वाट पाहून आजोबा एक लोखंडी ट्रंक आणि एक वळकटी घेऊन गावी आले आणि ओटीवर बसून राहिले. आजी सांगते की सहा महिने ते कोणाशी धड बोलत नव्हते.

१९८३ च्या पावसाळ्यात आजीने शेजारच्या वाडीतल्या एका चांगल्या झाडाची पायलीभर बी मागून आणली आणि पाण्याच्या हंड्यात टाकली. जी बी वर तरंगली ती चुलीत भाजून पोरांना दिली. जी तळाला गेली ती लावायला ठेवली. "बुडता तीच रुजता," असे ती अजून म्हणते. कातळात पारईने पाच खड्डे खणले, त्यांत शेण आणि पाचोळा भरला आणि प्रत्येक खड्ड्यात तीन-तीन बिया घातल्या. त्यांतले जोमदार रोप ठेवले, बाकीची उपटली. दोन उन्हाळे विहिरीचे पाणी कळशीने आणून घातले. चौथ्या-पाचव्या वर्षी पहिली बी मिळाली. आजोबांना गिरणी पुन्हा मिळाली नाही, पण त्या झाडांच्या आळ्यांना माती लावता लावता ते पुन्हा बोलू लागले. मी त्यांना पाहिलेले नाही. माझ्या जन्माआधीच ते गेले. त्यांनी घातलेला गडगा तेवढा मी पाहते आहे.

काजूचा हंगाम म्हणजे काय, हे ज्याने तो केला नाही त्याला सांगणे कठीण आहे. थंडी पडली की मोहोर येतो. मोहोर आला की घरातली माणसे आभाळाकडे पाहू लागतात. आभाळ ढगाळले आणि ढेकण्या पडला की कोवळे शेंडे आणि मोहोर करपून काळे पडतात. त्यातून वाचलेले फळ फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत गळत राहते. काजू तोडायचा नसतो, गळलेला वेचायचा असतो. त्यामुळे पहाटेच उठावे लागते. उशीर केला की गुरे बोंडू खातात, नाही तर बी दुसऱ्याच्या पिशवीत जाते. बोंडू पिरगळून बी वेगळी करायची, बोंडू तसाच झाडाखाली टाकायचा. गोव्यात त्याची फेणी होते, आमच्या परड्यात त्याच्यावर माश्या बसतात. त्याचा रस कपड्याला लागला की तो डाग त्या कपड्याबरोबरच जातो. माझ्या शाळेच्या दोन गणवेशांवर हे डाग होते आणि वर्गातल्या निम्म्या मुलींच्या गणवेशांवरही होते, म्हणून कोणी कोणाला हसत नसे.

बरे वर्ष असले की पाच झाडांची मिळून साठ किलो सुकी बी होते. गेल्या हंगामात आमच्या हाती किलोला एकशे दहा रुपये आले. म्हणजे सहा हजार सहाशे. ही रक्कम वाचून कोणाला हसू येईल. पण आमच्या घरात या पैशाला एक नाव आहे. त्याला 'चेडवाचे काजू' म्हणतात. चेडू म्हणजे मुलगी, आणि ती मुलगी म्हणजे मी. कॉलेजची फी, परीक्षेचा फॉर्म, पुस्तके आणि एस. टी.चा पास या चार गोष्टी त्या पैशातून होतात. घरात तांदूळ संपला तरी या डब्याला कोणी हात लावत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले माणूस मीच पहिले. बाबा दहावी नापास, आई सातवी, आणि आजीला फक्त आपली सही येते, तीही मतदानापुरती. प्रवेशाच्या अर्जात 'पालकांचे शिक्षण' असा एक रकाना असतो. तो भरताना आई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. मी 'सातवी' असे लिहिले तेव्हा ती म्हणाली, "पास म्हणून लिही. सातवी पास."

आई काजूच्या कारखान्यात कामाला जाते. बी आधी वाफवतात, मग ती हातापायांनी चालणाऱ्या यंत्रावर एकेक करून फोडतात. एका हाताने बी पात्यांत धरायची, पायाने दाबायचे, टरफल उघडले की आतला गर अखंड काढायचा. मग तो गर भट्टीत वाळतो, मग वरची तांबडी साल सोलायची आणि शेवटी प्रतवारी. आईने दहा वर्षे बी फोडली, आता ती सोलायला बसते. तेल हाताला लागू नये म्हणून बायका तळव्यांना खोबरेल चोळतात. तरी तिच्या उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा दिसेनाशा झाल्या आहेत. रेशनच्या दुकानात अंगठा लावायच्या यंत्राने तिचा अंगठा दोनदा नाकारला, तिसऱ्यांदा डाव्या हाताचा घेतला. आम्ही त्यावर घरी हसलो. हसण्यासारखे त्यात काय होते, हे आता मला सांगता येत नाही.

आईला इंग्रजी येत नाही, पण 'डब्ल्यू ३२०' म्हणजे काय ते तिला विचारा. एका पौंडात अखंड पांढरे तीनशे ते तीनशे वीस गर बसले की तो माल ३२०. २४० म्हणजे त्याहून मोठा गर, १८० म्हणजे राजा. आकडा जितका लहान तितका काजू मोठा. फुटला तर पाकळी, आणखी फुटला तर तुकडा. भाव प्रत्येक पायरीला उतरतो. पावसाळ्यात आमच्या भागातली बी संपली की कारखान्यात आफ्रिकेतून आलेली बी येते. आयव्हरी कोस्ट, टांझानिया ही नावे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचण्याआधी आईच्या तोंडून ऐकली. "बी खयचीय असो, तेल तसाच," असे तिचे म्हणणे आहे. टांझानियातही कोणी बाई अशीच बी वेचत असेल आणि तिलाही एखादी मुलगी असेल, असे मला पुष्कळदा वाटते.

कॉलेजात आल्यावर मला ग्रंथालय मिळाले. सुरुवातीला कोणते पुस्तक मागावे तेच कळेना, म्हणून मी जे मला ठाऊक होते त्याच्यावरचे मागितले. काजूवरचे! ग्रंथपालांना थोडे नवल वाटले असावे. त्या पुस्तकांतून मला कळले की आमच्या आजीचे झाड मुळात ब्राझीलचे. तेथल्या तुपी भाषेत त्याला 'अकाजू' म्हणत. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्यावर आणले, येताना शब्दही आणला, आणि 'अकाजू'चा 'काजू' झाला. हजारो मैलांवरच्या रानातल्या माणसांचा शब्द आमची आजी रोज उच्चारते आणि तिला तो अस्सल मालवणी वाटतो!

त्याच नादात मी दुसऱ्या एका झाडाविषयी वाचले. मॅकॅडेमिया त्याचे नाव. ते ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रानातले. त्याचे कवच इतके कठीण की साध्या अडकित्त्याला दाद देत नाही. तेथले मूळ रहिवासी ही बी कित्येक पिढ्या दगडाने फोडून खात आले होते आणि तिला त्यांची आपली नावे होती. 'किंडल-किंडल' हे त्यांतले एक. एकोणिसाव्या शतकात फर्डिनांड फॉन म्यूलर या शास्त्रज्ञाने आपले स्नेही जॉन मॅकॅडम यांच्या नावावरून त्या झाडाला नाव दिले, आणि तेच जगभर चालू झाले. पुढे ते झाड हवाई बेटांवर गेले, तेथे त्याच्या मोठमोठ्या बागा झाल्या, आणि ज्या रानातून ते आले होते त्या रानाचे नाव मागे पडले. मला वाटले, दोन झाडे, दोन्ही परमुलखात गेलेली. एकाने जाताना आपल्या माणसांनी ठेवलेले नाव बरोबर नेले, दुसऱ्याचे नाव वाटेत बदलले. आमचा काजू या बाबतीत भाग्याचा म्हटला पाहिजे.

हे सर्व मी घरी सांगितले. आजीला ब्राझीलचे काही वाटले नाही. "झाड खयसूनय येवंदे, पाणी मी घातलंय," एवढेच ती म्हणाली.

गेल्या वर्षी बाबांनी विषय काढला. झाडे चाळिशी ओलांडून गेली होती. फळ वर्षागणिक कमी होत होते आणि बी बारीक, चार-पाच ग्रॅमची. त्यातच गडग्याजवळच्या झाडाच्या बुंध्याला भोके दिसू लागली, त्यांतून भुसा आणि डिंक येऊ लागला, पाने पिवळी पडली. खोडकिडा! बाबांचे म्हणणे असे की पाचही झाडे एकदम काढावीत आणि त्यांच्या जागी वेंगुर्ल्याची कलमे लावावीत. त्यांनी हिशोबही मांडला होता. वेंगुर्ला-४ ची बी साडेसात ग्रॅमच्या वर, वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅम. एकाच कष्टात दुप्पट वजन, आणि गर मोठा म्हणून भावही चढा. त्यांच्या बोलण्यात चूक काही नव्हती.

अडचण एवढीच होती की कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरायचे. मधली तीन वर्षे परडे मोकळे. आणि ती तीन वर्षे म्हणजे माझे दुसरे वर्ष, तिसरे वर्ष आणि जमले तर त्याच्या पुढचे एक वर्ष.

त्या रात्री आमच्या घरात जे झाले त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कोणीही आवाज चढवला नाही. बाबा म्हणाले, "जुना झाड खाता जास्त, देता कमी." आई म्हणाली, "तीन वर्सांचो खर्च खयसून आणूचो?" आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाचय तोडूची असात तर आधी माका खय ठेवतलस ता सांग." मी चुलीजवळ बसून ऐकत होते. माझे नाव त्या बोलण्यात कोणी घेतले नाही, आणि ते घेतले जात नाही हेच मला फार लागत होते. एका बाजूला घराचा पुढचा काळ होता आणि दुसऱ्या बाजूला माझी दोन-तीन वर्षे होती. झाड काढले नाही तर खोडकिडा उद्या शेजारच्या झाडात जाईल. सगळी काढली तर मी कॉलेज सोडून आईच्या शेजारी सोलायला बसेन. माझ्या वर्गातल्या दोन मुली अशाच कारणांनी पहिल्या वर्षानंतर आलेल्या नाहीत. त्या आळशी नव्हत्या की मठ्ठ नव्हत्या. त्यांच्या परड्यात त्या वर्षी काही पिकले नसेल, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी वहीत हिशोब केला आणि बाबांपुढे ठेवला. कीड लागलेले एकच झाड यंदा काढायचे. ते तसेही मरणारच होते, आणि अशी झाडे बागेत ठेवू नयेत असे जाणकारही सांगतात. त्याच्या मोकळ्या जागेत आणि गडग्याच्या कडेला, सात-सात मीटरचे अंतर राखून दोन कलमे बसतात. ती धरली की मग पुढचे जुने झाड काढायचे. अशी एकेक करून बाग बदलायची. चार झाडांचे पन्नास किलो तरी येतील. कमी पडेल ते मी मे महिन्याच्या सुट्टीत कारखान्यात प्रतवारीला बसून भरीन. बाबांनी वही दोनदा वाचली. दहावीला त्यांचे गणितच राहिले होते. म्हणाले, "ह्या तुका कॉलेजात शिकवतत?" कॉलेजात मी इतिहास आणि मराठी घेतले आहे. पण मी होय म्हटले.

आजीचा प्रश्न मात्र वहीने सुटणार नव्हता. तिला घेऊन आम्ही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर गेलो. १९५७ सालापासूनचे हे केंद्र, आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तेथे पिशव्यांत लावलेली कलमे रांगेने उभी होती. प्रत्येकाच्या खोडावर वीतभर उंचीला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली. तेथल्या माळीदादांनी आजीला समजावून सांगितले. आधी बी रुजवून रोप करायचे, त्याला खुंट म्हणतात. ते दीड-दोन महिन्यांचे कोवळे असतानाच शेंडा छाटून मधोमध चिरायचे. चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि पट्टी बांधायची. काडी तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने छाटून ठेवतात, म्हणजे डोळे फुगतात. काडीला फूट आली की कलम झाले. त्याला फळ काडीच्या जातीचे लागते.

आजीने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "आणि खालची बी खयची?"

माळीदादा म्हणाले, "ती गावठी. मध्यम आकाराची, जड, पाण्यात बुडणारी बघून घेतो."

आजी माझ्याकडे वळली. "म्हणजे मुळां आमचीच," ती म्हणाली. त्यानंतर तिने स्वतः दोन कलमे निवडली, वेंगुर्ला-७ ची. येताना एस. टी.त ती दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन बसली.

पुढे मी वाचले की वेंगुर्ला-१ ही जात आणसूरच्या झाडांतून निवडलेली, आणि वेंगुर्ला-४ च्या आईबापांत एक झाड वेतोऱ्याचे आहे. आणसूर आणि वेतोरे ही दोन्ही आमच्याच तालुक्यातली गावे. म्हणजे काडीसुद्धा कुठल्या तरी गावातूनच गेली. त्या गावातही ती बी कोणी तरी हंड्यात टाकून पाहिली असेल. तिचे नाव कोणत्या पुस्तकात सापडणार?

मे महिन्याच्या अखेरीस झाड तोडले. आजी त्या दिवशी घरातच होती, बाहेर आली नाही. बुंधा फोडला तेव्हा आत बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या आणि भुशाने भरलेली भुयारे निघाली. बाहेरून हिरवे दिसणारे ते झाड आतून पोकळ झाले होते. बुंधा आणि मुळे आम्ही तेथेच जाळली. संध्याकाळी आजी येऊन ती राख दोन नव्या खड्ड्यांच्या कडेने पसरून गेली. जूनमध्ये पाऊस धरला तेव्हा दोन-दोन फुटांच्या खड्ड्यांत शेणखत भरून कलमे लावली, जोड मातीच्या वर राहील अशी. शेजारी काठी रोवली. नीट रुजल्यावर पट्टी सोडली.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा कलमे पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. जोडाच्या खाली खुंटाला फूट येते, ती खुडायची असते. ठेवली तर तीच जोर धरते आणि वरची काडी सुकून जाते. मग झाड राहते, पण ते गावठीच.

हे काम करताना मला प्रथम वर्षातली एक गोष्ट आठवत असे. वर्गात एका कवितेवर बोलायला उभी राहिले आणि घाईत "माका वाटता" असे म्हणून गेले. वर्ग हसला. नंतर मला कोणी तरी आपुलकीने सांगितले की घरची भाषा घरी ठेवावी, नाही तर पुढे अडचण होते. त्यानंतर कितीतरी महिने मी प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन घेत असे आणि मगच बोलत असे. कलमाची फूट खुडताना वाटे, आपणही हेच करतो आहोत का? खालून येणारे ते सगळे खुडल्याशिवाय वरचे जगत नाही का?

पुष्कळ दिवस विचार करून मला असे वाटू लागले आहे की ही उपमा येथे थांबवावी. झाडाला एकच शेंडा चालतो, माणसाला दोन भाषा चालतात. मी हा लेख प्रमाण मराठीत लिहिते आहे आणि तो घरी मालवणीत सांगणार आहे. दोन्हींत मी खोटी नाही. झाडाकडून घ्यायचे ते एवढेच की कलमावर पाटी काडीच्या जातीची लागते, पण कातळातून पाणी ओढतो तो खुंट. उद्या माझ्या नावापुढे बी. ए. लागले तर ती पाटी माझी. तिच्याखाली हंड्यात बी टाकून पाहणारी आजी आहे, दहावीच्या गणितात राहिलेले बाबा आहेत आणि बोटांच्या रेषा गेलेली आई आहे. अर्जात त्यांच्यासाठी एकच रकाना असतो. म्हणून त्यांच्याविषयी येथे थोडे सविस्तर लिहिले.

सुट्टीत मी एक महिना प्रतवारीला बसले. पहिल्या दिवशी २४० आणि ३२० माझ्या डोळ्यांना सारखेच दिसत. आईने एक मूठ भरून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बघू नको, तोलून बघ." आठवड्याने हाताला कळू लागले. दुसऱ्या वर्षाची फी त्यातून आणि चार झाडांतून निघाली. तिसऱ्या वर्षाची अजून निघायची आहे. यंदा मोहोर बरा दिसतो, पण दोन दिवस आभाळ आले होते.

दोन्ही कलमे आता माझ्या कमरेएवढी झाली आहेत. त्यांतल्या एकाला या थंडीत चक्क मोहोर आला, चार बोटांचा. पहिली दोन वर्षे मोहोर खुडायचा असतो, म्हणजे झाड अंग धरते. बाबांनी ते मला सांगून ठेवले आहे. आजी म्हणते, दोन दिवस राहू दे, वास तरी येऊ दे. तेव्हा तो अजून तसाच आहे. रविवारी खुडीन.